वाळवंटाचा पहारा

जून महिन्यात अ‍ॅरिझोनातल्या टुसानच्या भोवतालचं सोनोरन वाळवंट पावसाकडे डोळे लावून बसलेलं असतं. इथल्या पावसालाही मान्सूनच म्हणतात आणि तोही आपल्याकडच्यासारखाच तंगवतो. पालो व्हर्देचा पिवळा बहर कधीच झडून गेलेला असतो. तीस-चाळीस फूट उंच सग्वारो निवडुंगांच्या माथ्यावर मात्र याच दिवसांत लालभडक फळं उलतात. ही भूमी मुळात तोहोनो ओओधम लोकांची. सग्वारोच्याच वाळलेल्या फासळ्या जोडून केलेल्या लांब काठीने ते ही फळं उतरवतात, गर आटवून पाक करतात आणि तो पाक आंबवून केलेल्या पेयाने पावसाला आवतण धाडतात.

आणि याच दिवसांत, याच वाळवंटात, मेक्सिकोची सीमा ओलांडून येणारी माणसं तहानेने मरतात.

ह्यूमेन बॉर्डर्स नावाची, २००० साली सुरू झालेली इथली संस्था वाळवंटात पाणी ठेवते. त्यांच्या स्वयंसेवकांबरोबर मी अधूनमधून जाते. ट्रकवर पाण्याची टाकी, पंप आणि गुंडाळलेली नळी. कच्च्या रस्त्याने हादरे खात गेलं की काटेरी झुडपांच्या वर, उंच खांबाला लावलेलं निळं निशाण दिसतं. त्याखाली घोडीवर आडवं ठेवलेलं निळं पिंप, दोनशेएक लिटरचं, पुढे तोटी. एकदा गेलो तर पिंपाच्या पोटात कुणीतरी सुरी खुपसलेली. थेंबन्‌थेंब वाळूत जिरून गेला होता. थोड्या अंतरावर मेस्कीटच्या विरळ सावलीत एक काळा प्लास्टिकचा कॅन पडला होता. काळाच, कारण पांढरं प्लास्टिक उन्हात चमकतं आणि गस्तवाल्यांना दुरून दिसतं. शेजारी गालिच्याच्या तुकड्यांचे जोडे होते. वाळूत पाऊल उमटू नये म्हणून ते बुटांवर चढवतात. त्यातला एक मी हातात घेऊन पाहिला. टाचेपाशी उसवलेला भाग वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने शिवलेला होता, बारीक, नेटक्या टाक्यांनी. सुईदोरा जवळ बाळगून निघालेलं ते माणूस पुढे पोचलं की नाही, हे सांगणारं तिथे दुसरं काहीच नव्हतं.

या वाळवंटाला पहाऱ्यावर बसवलं गेलं ते विचार करून. १९९३मध्ये एल पासोला आणि १९९४मध्ये सॅन दिएगोला शहरालगतची सीमा कुंपण, दिवे आणि गस्तीचं मनुष्यबळ वाढवून बंद करण्यात आली. सीमा गस्त दलाच्या १९९४च्या आराखड्यात हिशेब असा होता की, शहरांतले सोपे रस्ते बंद झाले की लोकांना खडतर मुलखातून यावं लागेल आणि तो मुलूखच त्यांना परत फिरवेल. लोक परत फिरले नाहीत. ज्याच्या मागे उपासमार किंवा बंदूक लागलेली असते, तो नकाशावरचं तापमान बघून बेत बदलत नाही. २००० सालापासून एकट्या दक्षिण अ‍ॅरिझोनात चार हजारांहून अधिक लोकांचे अवशेष सापडले. त्यातल्या हजाराहून अधिक जणांची ओळख आजवर पटलेली नाही. त्यांच्या कमरपट्ट्याच्या आत शिवलेले फोन नंबर, पाकिटातले लहान मुलांचे फोटो, जपमाळा हे सगळं पीमा परगण्याच्या शवचिकित्सकाच्या कार्यालयात पाकिटांत घालून जपून ठेवलेलं असतं.

२०१९च्या जूनमध्ये ल्यूकव्हिलजवळ भारतातली सहा वर्षांची एक मुलगी उन्हाने गेली. तस्करांनी तिला, तिच्या आईला आणि बरोबरच्यांना सीमेजवळ सोडून दिलं होतं. आई दुसऱ्या एका बाईबरोबर पाणी शोधायला गेली आणि लेकीला सोबतच्या तिसऱ्या बाईपाशी ठेवून गेली. पारा बेचाळीसच्या आसपास होता. पुढे २०२२च्या जानेवारीत कॅनडाच्या बाजूने येताना, वाऱ्यासकट उणे पस्तीसच्या आसपासच्या थंडीत, गुजरातमधल्या डिंगुचा गावचं चौघांचं कुटुंब गोठून गेलं. त्या सीमेवर तर भिंतही नाही.

त्या मुलीची बातमी आली तेव्हा आमच्या मराठी मंडळात एका कार्यक्रमाची तयारी चालू होती. सगळेच हळहळले. मग सत्तरच्या दशकात इथे आलेले एक काका म्हणाले, "वाईट झालं, पण आपण नाही का रांगेत उभे राहून आलो? यांनी रांग का मोडावी?" काका मनाने फार चांगले आहेत. नव्याने आलेल्या किती मुलांना त्यांनी स्वतःच्या घरी ठेवून घेतलंय, याची गणती नाही. आणि त्यांचा प्रश्नही खोटा नाही. माझ्या नवऱ्याच्या ग्रीन कार्डासाठी आम्ही कितीतरी वर्षं ताटकळलो. आई आजारी असताना व्हिसाचा शिक्का पुन्हा मिळेल की नाही या भीतीने मी भारतात गेले नाही. रांग काय असते ते मला माहीत आहे. म्हणूनच काकांच्या प्रश्नाचं उत्तर द्यावंसं वाटतं.

"काका," मी त्यांना म्हटलं, "आपल्यासाठी रांग होती. त्यांच्यासाठी ती कुठून सुरू होते, सांगाल मला?"

आपल्यासाठीही ती रांग कायम नव्हती. १९१७च्या कायद्याने अमेरिकेने भारतासह आशियाच्या मोठ्या भागाला दार बंद केलं होतं. १९२३मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने भारतीय माणूस 'गोरा' नाही, म्हणून त्याला नागरिकत्व नाही, असा निकाल दिला. थिंड यांनी अमेरिकेच्या सैन्यात नोकरी केली होती. ज्यांना आधीच नागरिकत्व मिळालं होतं, त्यांचंही काढून घेणं सुरू झालं. थिंड यांचे वकील सखाराम गणेश पंडित यांच्यावरही ती वेळ आली. ते लढले आणि जिंकले. त्या काळात कॅलिफोर्नियाच्या इम्पीरियल खोऱ्यात शेती करणारे पंजाबी पुरुष मायदेशातून बायका आणू शकत नव्हते. त्यांनी मेक्सिकन मुलींशी लग्नं केली. कायद्याने बंदी असताना मेक्सिकोतून चोरवाटेने सीमा ओलांडून आलेले भारतीयही तेव्हा होते. म्हणजे आज जिला 'डंकी' म्हणतात, ती चोरवाट आजची नाही.

मग १९६५ उजाडलं. लिंडन जॉन्सन यांनी स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यापाशी नव्या कायद्यावर सही केली. मूळ देश आणि वंशावरून ठरवलेले जुने कोटे गेले. डॉक्टर, इंजिनिअर, शास्त्रज्ञ येऊ लागले. काका आले ते याच दाराने. त्याच कायद्याने पश्चिम गोलार्धातून येणाऱ्यांवर मात्र पहिल्यांदाच संख्येची मर्यादा घातली, वर्षाला १,२०,०००. त्याच्या आदल्याच वर्षी, १९६४मध्ये, ब्रासेरो योजना गुंडाळली गेली होती. १९४२पासून चाललेल्या त्या योजनेत मेक्सिकन मजूर रीतसर करारावर शेतीच्या कामाला येत. १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात एकेका वर्षी चार लाखांहून अधिक आले. शेतं तीच राहिली, काढणीचे हंगाम तेच राहिले, माणसंही तीच राहिली. फक्त त्यांच्या येण्याला जो कागद होता, तो नाहीसा झाला. एकाच कायद्याने आमचं दार उघडलं आणि त्यांचं आवळलं. आमच्यात आणि त्यांच्यात सचोटीचा फरक नाही, तारखेचा आणि पदवीचा आहे. आजही फारसं शिक्षण नसलेल्या कामगारांना कायम वास्तव्याचे परवाने कायद्याने वर्षाला जास्तीत जास्त १०,००० मिळू शकतात, तेही साऱ्या जगातून. इकडे सरकारच्याच पाहणीप्रमाणे पिकांवर मजुरीने राबणाऱ्यांपैकी साधारण चाळीस टक्के माणसांकडे कागद नाहीत. त्यांनी तोडलेली भाजी मी रोज खाते.

टुसानहून तासाभरात नोगालेस येतं. नोगालेस दोन आहेत, एक अ‍ॅरिझोनातलं आणि एक सोनोरातलं, आणि दोन्हींच्या मधून भिंत जाते. टेकड्या जशा चढतात-उतरतात तशी तीही चढते-उतरते, गंजाच्या तांबूस रंगाची. जवळ गेलं की कळतं, ही सलग भिंत नव्हे. आत काँक्रीट भरलेल्या पोलादी खांबांची ती रांग आहे, अठरा ते तीस फूट उंच. दोन खांबांमध्ये जेमतेम हात जाईल एवढी फट. २०११मध्ये हे खांब उभे राहिले. त्याआधी इथे व्हिएतनाम युद्धातल्या विमानांच्या धावपट्टीचे पत्रे उभे केलेले होते. २०१८-१९च्या हिवाळ्यात सैनिकांनी भिंतीला पात्यांच्या तारेची वेटोळी चढवली, अगदी रस्त्यालगतच्या घरांसमोर. अ‍ॅरिझोनातल्या नोगालेसच्या नगर परिषदेने त्याविरुद्ध ठराव केला. जिच्यासमोर रोज राहायचं, ती तार तिथल्या माणसांना नको होती.

गावापासून थोडं पश्चिमेला मारिपोसाचं नाकं आहे. हिवाळ्यात तिथे ट्रकांच्या रांगा लागतात. टोमॅटो, काकड्या, सिमला मिरच्या भरभरून येतात आणि साऱ्या अमेरिकेत जातात. भाजीला वाट आहे. ती पिकवणाऱ्याला नाही.

ही रेघही फार जुनी नाही. १८४८च्या तहात मेक्सिकोने निम्म्याच्या आसपास देश गमावला. आज मी राहते तो भाग १८५३च्या गॅड्सडेन करारात एक कोटी डॉलरला विकत घेतलेला. त्यामुळे इथली कित्येक कुटुंबं सांगतात की, आम्ही सीमा ओलांडलीच नाही, सीमाच आमच्यावरून गेली. ओओधम लोकांच्या मुलखाचे तर दोन तुकडे झाले. त्यांचे सुमारे दोन हजार लोक मेक्सिकोत राहतात. २०२०मध्ये भिंतीच्या कामासाठी त्यांच्या पूर्वजांच्या टेकडीवर सुरुंग लावले गेले आणि कितोबाकितो या त्यांच्या पवित्र झऱ्याच्या मुलखात काँक्रीटसाठी जमिनीखालचं पाणी उपसलं गेलं. ज्या वाळवंटात पाणी म्हणजे देव, तिथे भिंत पाणी पिऊन वाढली.

भिंत हवी म्हणणाऱ्यांचं म्हणणंही मी ऐकलं आहे आणि ते उडवून लावण्यासारखं नाही. सीमेलगतच्या रँचवर एकट्या राहणाऱ्या बाईला रात्री अंगणात अनोळखी माणसं दिसली की तिची झोप उडते. डिसेंबर २०२३ या एका महिन्यात सीमा गस्त दलाने सुमारे अडीच लाख लोकांना अडवलं. एवढ्या माणसांची सोय लावताना गावोगावच्या निवारा केंद्रांची दमछाक झाली. आपल्या देशात कोण येतं, हे ठरवायचा हक्क लोकांना असतोच. पण याच भिंतीकडे जरा बारकाईने पाहू या. २०२३मध्ये प्रचंड संख्येने लोक आले तेव्हा ती होती. २०२५मध्ये ती संख्या १९७०नंतरच्या नीचांकावर आली तेव्हाही जवळजवळ तीच होती. बदललं ते आश्रय मागण्याचे नियम आणि मेक्सिकोने केलेली नाकेबंदी. शिवाय कागद नसलेल्यांतले खूप जण विमानाने, व्हिसावर आले आणि मुदत संपल्यावर राहिले. फेंटॅनिल प्रामुख्याने अधिकृत नाक्यांवरून, गाड्यांत दडवून येतं. भिंतीला या दोन्हींतलं काही दिसत नाही. तरीही २०२५च्या कायद्याने तिच्यासाठी ४,६५० कोटी डॉलर काढून ठेवले. तेवढ्या पैशात आश्रयाचे अर्ज तपासणारे किती न्यायाधीश नेमता आले असते! लोकांना होय किंवा नाही, हे उत्तर महिन्यांत मिळालं असतं. आज त्याला वर्षं लागतात आणि त्या वर्षांवरच तस्करांचा धंदा चालतो.

अशा वेळी मला पांडुरंग खानखोजे आठवतात. वर्ध्याचा हा माणूस अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर शेतीशास्त्र शिकला, गदर चळवळीत उतरला आणि इंग्रजांच्या राज्यात परतायची वाट बंद झाल्यावर १९२०च्या दशकात मेक्सिकोला गेला. मेक्सिकोने त्याला ठेवून घेतलं. चापिंगोच्या कृषी विद्यालयात ते शिकवू लागले. मक्यावर संशोधन केलं, गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा काढल्या. चित्रकार दिएगो रिवेराने आपल्या भित्तिचित्रात त्यांना भाकरी वाटताना रंगवलं. स्वातंत्र्यानंतर ते परतले आणि १९६७मध्ये नागपुरात वारले. एका परागंदा मराठी माणसाला त्या देशाने काम दिलं, मान दिला, आणि त्याने त्या देशाला मक्याचं संशोधन दिलं. आलेल्या माणसाला जागा दिली तर काय उगवतं, याचा याहून चांगला पुरावा मला ठाऊक नाही.

५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेचं लष्करी विमान १०४ भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरलं. हातात बेड्या, पायात साखळ्या. हरियाणाचे होते, गुजरातचे होते, पंजाबचे होते, आणि तिघे महाराष्ट्रातले होते. त्या दिवशी मंडळाच्या ग्रुपवर बराच वेळ कुणी काही लिहिलं नाही. मग काकांचा मला फोन आला. म्हणाले, "परत पाठवायचं तर पाठवा. पण साखळदंड कशाला?" मी म्हटलं, "हेच आपण उघड म्हणायला हवं काका, आपल्या तिघांसाठी आणि बाकीच्या सगळ्यांसाठीसुद्धा."

काय म्हणायचं, ते मला स्पष्ट दिसतं. शेतात, हॉटेलांत, बांधकामावर ज्या हातांची गरज आहे, त्यांना येण्या-जाण्याचा रीतसर परवाना मिळू दे. आश्रय मागणाऱ्याचं म्हणणं वेळेत ऐकलं जाऊ दे, आणि नाकारलं तर त्याला माणसासारखं घरी पाठवलं जाऊ दे. इथे पंचवीस-पंचवीस वर्षं राबलेल्यांना हक्काने राहता येऊ दे. रेगन यांच्या काळात, १९८६च्या कायद्याने, सुमारे २७ लाख लोकांना तो हक्क मिळाला होता, म्हणजे हे अशक्य नाही. वाळवंटातल्या पाण्याला कुणी हात लावू नये. सापडलेल्या प्रत्येक देहाला त्याचं नाव परत मिळावं.

देशाला सीमा राखायचा हक्क आहे. तहानेला शिपाई नेमायचा हक्क कुठल्याच देशाला नाही. रांगेत उभं राहून मला जो कागद मिळाला, त्याने मला इथे मताचा हक्क दिला, प्रतिनिधीला पत्र लिहायची आणि सभेत उभं राहून बोलायची मुभा दिली. ज्यांच्यासाठी खिडकीच उघडली गेली नाही त्यांच्या बाजूने तो वापरायचा, एवढं मी ठरवलं आहे; आणि आपल्या मंडळातल्या प्रत्येकाने तो तसाच वापरावा, असं माझं कळकळीचं मागणं आहे.