पाणी आधी, दिवा मग

१२ ऑक्टोबर २०२० च्या सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबई आणि आमच्या कल्याण-डोंबिवलीची वीज एकदमच गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या, मुंबई विद्यापीठाच्या परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या, कोरोनाच्या रुग्णांनी भरलेली रुग्णालयं जनरेटरवर गेली. पडघा-कळवा या ४०० केव्हीच्या वाहिन्यांपैकी एक आधीच दुरुस्तीसाठी बंद होती, दुसरीत बिघाड झाला, भार उरलेल्यांवर पडला आणि त्याही बंद पडल्या. असं संकट आलं तर मुंबईचा पुरवठा बाकीच्या जाळ्यापासून वेगळा काढून वाचवायचा, अशी व्यवस्था फार पूर्वीपासून आहे. त्या दिवशी ती टिकली नाही. मुंबईत काही भागांत दुपारपर्यंत दिवे आले. आमच्याकडे मात्र ते यायला रात्र झाली.

वीज गेली तेव्हा नवरा लॅपटॉपसमोर होता, मुलीचा ऑनलाइन वर्ग चालू होता आणि मी मिक्सरमध्ये दाणे घातले होते. आम्ही तिघंही मोबाइलकडे वळलो, वीज कुठे कुठे गेली ते बघायला. सासूबाई उठल्या त्या थेट मोरीत गेल्या आणि नळ पुरता सोडून बादल्या भरायला लागल्या. तिथूनच म्हणाल्या, "आधी पाणी भरून घ्या गं. दिव्याचं मग बघू."

याचा अर्थ तासाभरात कळला. आमची इमारत सात मजली. पाणी जमिनीखालच्या टाकीत येतं आणि पंपाने गच्चीवर चढतं. पंप बंद म्हणजे गच्चीवरच्या टाकीत जे असेल तेवढंच. प्रत्येक घराने नळ सोडले आणि दुपारच्या आत टाकी रिकामी झाली. मग वॉचमनने खालच्या टाकीचं झाकण उघडलं, बादलीला दोर बांधला, आणि सोसायटीतली पोरं तोंडाला मास्क लावून जिन्यात एकेका मजल्यावर उभी राहिली. लिफ्ट बंद होतीच. बादली हातोहात वर जायची आणि प्रत्येक वळणावर थोडी हिंदकळायची. संध्याकाळपर्यंत जिना खालपासून वरपर्यंत ओला झाला होता. सहाव्या मजल्यावर एकटे राहणारे आजोबा-आजी आहेत. त्यांचं पाणी आधी पोचवायचं हे कुणी कुणाला सांगितलं नव्हतं, तरी तसंच झालं.

फ्रीज उघडायचा नाही हा सासूबाईंचा दुसरा हुकूम. त्यांच्या इन्सुलिनच्या बाटल्या आत होत्या. वापरातली बाटली बाहेर राहिली तरी चालते, न उघडलेल्या मात्र गार हव्यात, आणि ऑक्टोबरचं ऊन तर असं, की दुपारी फरशीसुद्धा कोमट लागत होती. चारच्या सुमाराला त्यांनी एक छोटा स्टीलचा डबा घासून पुसून घेतला, बाटल्या रुमालात गुंडाळून आत ठेवल्या, झाकण घट्ट लावलं आणि तो डबा माठातल्या पाण्यावर सोडला. डबा तरंगत राहिला. मुलगी मधूनमधून माठाचं झाकण काढून तो बघत होती.

दुसऱ्या दिवशी एकादशी होती, अधिक महिन्यातली. म्हणून तर मी दाण्याचा कूट करायला घेतला होता. अर्धवट फिरलेले दाणे शेवटी खलबत्त्यात गेले. पहिल्या दहा मिनिटांत माझं मनगट भरून आलं. अंधारात घरं जवळ येतात, माणसं एकमेकांशी बोलायला लागतात, जुने दिवस बरे होते, असं आपल्याकडे पुष्कळ लिहिलं जातं. बोलणं वाढतं हे खरं आहे, आमच्याकडेही वाढलं. पण मिक्सर, पंप, वॉशिंग मशीन यांनी उचललेलं काम वीज गेल्याबरोबर कुणाच्या अंगावर येऊन पडतं, ते त्या लेखनात दिसत नाही. ते घरातल्या बाईच्या मनगटावर आणि पाठीवर पडतं. जुन्या काळी ते रोज पडायचं. पाट्या-वरवंट्यावरच्या चटणीची चव मलाही आवडते, तरी वीज ही चैन आहे असं कुणी म्हटलं तर मला ते मुळीच मान्य नाही.

संध्याकाळ झाली. कृष्णपक्षातली दशमी, चंद्र मध्यरात्र उलटल्यावर उगवणार. इन्व्हर्टर आमच्याकडे नाही, मेणबत्ती अर्धीच निघाली, रॉकेल तर आता घरात नसतंच. पण अधिक महिन्यात दिवे लावायचा सासूबाईंचा नेम असल्यामुळे वळलेल्या वातींची पुडी देवघरात होती. त्यांनी समईत तेल घातलं, दोन पणत्या स्वयंपाकघरात ठेवल्या, एक मोरीच्या उंबऱ्याशी. शेजारच्यांना थोड्या वाती दिल्या. खाली कुणीतरी गाडी सुरू करून सगळ्यांचे मोबाइल पाळीपाळीने चार्ज करून देत होतं, मात्र तोवर नेटवर्कही जाऊन-येऊन होतं.

तेव्हा मुलीने विचारलं, "आजी, तुला अंधाराची भीती नाही वाटत?"

"अंधाराची कसली भीती? आम्ही अंधारातच वाढलो," त्या म्हणाल्या. आणि मग, कधी नव्हे ते, सविस्तर बोलल्या.

त्यांचं माहेर कोयनेच्या खोऱ्यातलं. धरण बांधायचं ठरलं तेव्हा त्या परकर-पोलक्यात होत्या. साठच्या दशकाच्या सुरुवातीला पाणी चढायला लागलं आणि गाव उठलं. कोयनेची माणसं सोलापूर, सांगली, ठाणे, रायगड अशी पांगली. सासूबाईंच्या वडिलांच्या वाट्याला रायगडातली जमीन आली. भात वेगळं, माती वेगळी, बोलीही वेगळी. जुन्या घराच्या दाराची चौकट तेवढी वडिलांनी उपटून सोबत आणली होती. त्यांच्या जुन्या शेतावर शिवसागराचं, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाचं, पाणी आलं. ते पाणी बोगद्यातून सह्याद्रीच्या पोटात शिरतं, पोफळीला खाली पडून वीज तयार करतं आणि वाशिष्ठीतून अरबी समुद्राला मिळतं. कृष्णेच्या खोऱ्यातलं ६७.५ टीएमसी पाणी दर वर्षी असं पश्चिमेला वळवायची मुभा आहे. या विजेवर मुंबई-पुण्याचे कारखाने चालले, रात्री उजळल्या.

"आणि तुमच्याकडे लाइट कधी आली?" मुलीने विचारलं.

"तारा आमच्या वावरावरून गेल्या. घरात बल्ब लागला तो माझं लग्न ठरलं त्या वर्षी. तोवर अभ्यास चिमणीवर." चिमणी म्हणजे काय, हे मुलीला सांगावं लागलं. वात, रॉकेल, पत्र्याची छोटी बुधली, आणि सकाळी नाकात जमलेली काजळी.

त्या कडवटपणे बोलत नव्हत्या. धरण नको होतं असंही म्हणाल्या नाहीत. उलट मध्येच थांबून मला म्हणाल्या, "वीज हवीच गं. माझ्या आईने हयातभर जातं ओढलं."

मला हे वाक्य त्या दिवसातलं सगळ्यात मोलाचं वाटतं. ज्यांचं गाव विजेसाठी बुडालं, त्यांनीच विजेची किंमत सर्वांत नीट ओळखली आहे. एक दिवस वीज गेली तर आपण हैराण होतो, रागावतो, आणि रागावणं रास्तही आहे, कारण इस्पितळातल्या माणसाचा श्वास तिच्यावर चालतो. पण ती येते कुठून, हा प्रश्न आपल्या घरात विजेच्या बिलापलीकडे जात नाही. मोठं जाळं कोसळलं की ते पुन्हा उभं करायला जलविद्युत केंद्रांचा फार उपयोग होतो. औष्णिक केंद्राला सुरू व्हायलाच बाहेरून वीज लागते आणि पुष्कळ तास जातात, पाण्यावरचं जनित्र मात्र काही मिनिटांत फिरायला लागतं. म्हणजे अंधारातून बाहेर काढणारी पहिली वीज पुष्कळदा कुणाच्या तरी बुडालेल्या शेतावरूनच येते. मुंबईच्या बाबतीत तर ही गोष्ट कोयनेच्याही आधीची आहे. मुळशीचं धरण मुंबईला वीज देण्यासाठीच होतं, आणि त्याविरुद्ध मावळ्यांनी १९२१ साली सेनापती बापटांबरोबर सत्याग्रह केला. तो हरला. धरण झालं, भिऱ्याला वीज तयार होऊ लागली.

दिवे आले तेव्हा सगळ्या इमारतीतून एकच ओरडा झाला. पंप सुरू झाल्याचा आवाज खालून आला. सासूबाईंनी आधी माठातला डबा काढला, बाटल्या फ्रीजमध्ये ठेवल्या आणि भरलेल्या बादल्या तशाच राहू द्या म्हणाल्या.

कोयनेच्या धरणग्रस्तांचं पुनर्वसन आजही पूर्ण झालेलं नाही. पर्यायी जमिनीसाठी आणि नागरी सोयींसाठी २०१८ साली त्यांना डॉ. भारत पाटणकरांच्या नेतृत्वाखाली कोयनानगरला ठिय्या द्यावा लागला, आणि त्या आंदोलकांत धरणाच्या वेळी जन्मलेलीही नव्हती अशा नातवंडांची पिढी होती. त्यांची मागणी ही दूरच्या डोंगरातल्या लोकांची मागणी आहे असं शहरातल्या आपण समजू नये. आपल्या घरातल्या दिव्याचं ते थकलेलं बिल आहे. ते फेडा, असं सरकारला सांगणाऱ्यांत आपलाही आवाज असला पाहिजे.