चुकलेली मोजणी

झाशीत उतरलेला मराठी माणूस आधी किल्ला गाठतो. मीही गाठला. संध्याकाळी मात्र पाय सेंट ज्यूडच्या चर्चकडे वळले. सगळे उपाय थकले की धावा करायचा तो या संताचा. येशूला धरून देणाऱ्या यहूदाचंच नाव याच्याही वाट्याला आलं, म्हणून फार काळ त्याला कुणी हाक मारत नसे, असं सांगतात. आता २८ ऑक्टोबरच्या सणाला इथे दूरदूरून माणसं लोटतात.

एक बाई मेणबत्त्या लावत होती. नऊ. सातवी वाऱ्यानं विझली. तिनं तेवढीच पुन्हा पेटवली नाही. सगळ्या विझवल्या आणि पहिलीपासून सुरुवात केली. मला आजी आठवली. लक्ष वातींचा नेम असताना मोजणी चुकली, की दिवसभराच्या वाती बाजूला सारून ती पुन्हा एकपासून वळायला बसे. "अगं, देव मोजतोय का?" "तो नाही रे मोजत. पण मग मला झोप लागत नाही."

कर्मठपणाच्या मुळाशी भक्तीपेक्षा धास्तीच जास्त. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात हेच दिसतं. १८५७च्या बंडात त्यांच्या आजोबांना फाशी झाली आणि त्या धक्क्यानं वडिलांच्या डोक्यात सोवळं शिरलं. बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय चालेना. ज्या बंडानं झाशीच्या लक्ष्मीबाईला रणात उतरवलं, त्यानंच या दुसऱ्या लक्ष्मीबाईच्या माहेरी, तिच्या जन्माआधीच, घागरींचा धाक बसवला.

तिचे पती नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. चौकट तिथेही होतीच, मिशनची. १९१७ साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा न घेतलेल्यालाही त्यात जागा होती. सोवळं धर्म बदलून सुटत नाही, नुसतं कूस बदलतं. हे ओळखायला दोन्ही घरांत राहिलेला माणूस लागतो.

हे सगळं त्या बाईला सांगावंसं वाटलं. तेवढ्यात पुन्हा वारा आला. ती सातवीपाशीच होती. काही न बोलता मी ज्योतीला दोन्ही हातांचा आडोसा धरला. तिनं आठवी लावली, मग नववी. तिचे खांदे सैल झाले.

त्या रात्री तिला झोप लागली असेल.