गॅरेजची फरशी

पनवेलच्या घराचं गॅरेज. वडिलांच्या वेळचा कोबा. स्कूटरच्या स्टँडनं पाडलेला खळगा अजून तसाच, त्यात ऑइलचा काळा डाग. मुलाला हवं चकचकीत इपॉक्सी. मी आपला प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून रात्रभर जमिनीवर ठेवला. सकाळी आतून घाम! गाढीकाठचं गाव, त्यात कोकणातला पावसाळा. खालून ओल येणारच, आणि ओलीवर इपॉक्सीला फोड येतात. गुळगुळीत व्हिट्रिफाइडवर ओल्या चपलेनं कोण आपटणार, हे सांगायला ज्योतिषी नको. (मीच.) शहाबादी मला आवडते, पण ती तेल पिते. शेवटी खडबडीत पार्किंग टाइल्स ठरल्या, दाराकडे उतार देऊन. गवंडी दसऱ्यानंतर येतोय. तोवर स्कूटर अंगणात.