अर्धी गोळी

आम्ही जळगावच्या एका उर्दू शाळेत नववी-दहावीला गणित आणि विज्ञान शिकवतो. बी.एड. धुळ्यात आपाच्या घरी राहून केले. त्यामुळे एरंडोल, पारोळ्यावरून धुळ्याला जाणारा एस.टी.चा रस्ता आम्हाला तोंडपाठ. 2018 च्या उन्हाळ्यात त्याच रस्त्याने घाईघाईने गेलो. आपाचा पाच वर्षांचा मुलगा तापाने फणफणत होता. अंगावर निळे डाग उठले होते. रक्त तपासले, तेव्हा रक्ताचा कॅन्सर निघाला.

दूल्हाभाई पॉवरलूमवर कामाला. मुंबई त्यांनी एकदाच पाहिलेली. परळच्या टाटा हॉस्पिटलमध्ये कागद भरायला, डॉक्टरांचे बोलणे समजून घ्यायला घरातले शिकलेले माणूस म्हणून आम्ही सोबत गेलो. मुक्काम दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत. बुरख्यातली आपा आणि दाढीवाले दूल्हाभाई यांना तिथे एकच प्रश्न विचारला गेला : पेशंट कोण?

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी एक संमतिपत्र पुढे ठेवले. सुरुवातीच्या उपचारात प्रेडनिसोलोन नावाचे औषध देतात. काही मुलांना ते तीन आठवडे मिळणार, काहींना पाच. कोणाला किती, हे कॉम्प्युटर ठरवणार. मुंबई, दिल्ली, चंदीगड, कोलकाता, चेन्नई इथली मोठी रुग्णालये मिळून 2016 पासून हा अभ्यास करीत होती. आम्ही आपाला तिच्या बोलीत समजावले. ती एकटक पाहत राहिली. मग म्हणाली, "भाई, मेरे बच्चे पे तजरबा करेंगे क्या? गरीब का बच्चा है, इसलिए दवा कम?"

आम्हाला उत्तर सुचेना. जास्त दवा म्हणजे जास्त शिफा, असेच आम्हालाही वाटत होते. डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, "सर, आपल्याकडे मुले फक्त कॅन्सरने जात नाहीत, उपचार सुरू असताना जंतुसंसर्गानेही जातात. हे औषध कॅन्सरच्या पेशी मारते, तशी अंगातली लढण्याची ताकदही कमी करते. दोन आठवडे कमी देऊन भागत असेल, तर तेवढा धोका टळेल. भागते की नाही, तेच पाहायचे आहे. आणि नाही म्हणालात, तरी उपचार होणारच." आपाने रात्रभर तसबीह फिरवली आणि सकाळी अंगठा नाही, सही केली. सही करायला तिला आम्हीच शिकवले होते.

त्यानंतर आम्ही या विषयावर मिळेल ते वाचू लागलो. या आजाराच्या औषधाचा एक धागा मुंबईत सापडतो, हे आम्हाला ठाऊक नव्हते. 1928 साली लुसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टरीण गरोदर बायकांच्या पंडुरोगाचा अभ्यास करायला मुंबईत आली. सर्वात निकृष्ट आहार आणि सर्वात जास्त आजार तिला गरीब मुस्लिम बायकांत दिसला. त्यांना यीस्टचा अर्क देऊन तिने बरे केले. त्यातला गुणकारी घटक म्हणजे पुढे ओळखले गेलेले फॉलिक अ‍ॅसिड. हेच जीवनसत्त्व कॅन्सरच्या पेशींनाही पोसते, असे बोस्टनच्या सिडनी फार्बर यांना दिसले. मग त्याची वाट अडवणारे औषध आपल्या आंध्रातून गेलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या प्रयोगशाळेतून आले. 1948 साली फार्बर यांनी 16 मुलांची हकीकत छापली. त्यातल्या 10 मुलांना उतार पडला होता. तो टिकला नाही, पण दार किलकिले झाले.

पुढचे सारे काम मापाचे. 1958 साली डोनाल्ड पिंकेल यांनी दाखवले, की औषधाचा डोस शरीराच्या पृष्ठफळावरून ठरवणे सोयीचे पडते. म्हणून तर आमच्या भाच्याचे वजन आणि उंची दोन्ही मोजत. पृष्ठफळ आम्ही फळ्यावर शेकडो वेळा शिकवले. त्यावर मुलाचा जीव तोलला जातो, हे तेव्हा कळले. भारतात 1984 पासून मुंबई, चेन्नई आणि दिल्लीत एकच ठरलेली उपचारपद्धती वापरली गेली. तिने दहांत दोनच्या आसपास वाचणारी मुले चार ते सहापर्यंत नेली.

आता आमची चूक सांगतो. 2020 च्या मार्चअखेर लॉकडाऊन लागले. भाच्याचे शेवटच्या टप्प्याचे उपचार सुरू होते : रोज एक मर्कॅप्टोप्युरीनची गोळी, आठवड्यातून एकदा दुसरी. मुंबईला जाणे बंद. धुळ्यात ती गोळी मिळेना. घरात दोन आठवड्यांपुरत्या गोळ्या. आपाचा फोन आला. आम्ही मोठ्या शहाणपणाने म्हणालो, "आपा, आधी आधी दे. महिनाभर पुरेगी. वैसे भी बच्चा अब अच्छा है."

नऊ दिवस तिने अर्धी गोळी दिली. दहाव्या दिवशी डॉक्टरीणबाईंचा फोन लागला आणि आपाने सगळे खरे सांगितले. बाई रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "आधी आम्हाला विचारायचे." आठवड्याभरात गोळ्या घरपोच आल्या.

ती ईद आम्ही जळगावातच, एकट्याने काढली. त्याच दिवसांत पिंकेल यांचाच 1971 साली छापलेला अभ्यास वाचनात आला. त्यांनी काही मुलांना औषधाचा पूर्ण डोस दिला होता, काहींना अर्धा. पूर्ण डोसवाल्या मुलांचा आजार अधिक काळ दबून राहिला. आमच्या जन्माआधीच उत्तर मिळालेला प्रश्न आम्ही आमच्या भाच्यावर पुन्हा तपासत होतो. तेही कोणाची संमती न घेता. पुढे डॉ. स्मिता भाटिया यांचे अमेरिकेतले कामही वाचले : शंभरातल्या 95 पेक्षा कमी गोळ्या घेणाऱ्या मुलांत आजार उलटण्याचा धोका दुपटीहून अधिक.

आपा ज्याला तजरबा म्हणाली, त्यात लेखी कागद होता, विचारणा होती, नाही म्हणायची मुभा होती, रोजची नोंद होती. आमच्या प्रेमात यातले काहीही नव्हते. दवा कमी करणे त्या डॉक्टरांनाही होते आणि आम्हालाही. त्यांनी ते मोजून, विचारून केले, आम्ही अंदाजाने.

अल्लाहच्या मेहरबानीने उपचार संपले. भाचा आता मोठा झालाय, क्रिकेट खेळतो, वर्षातून एकदा तपासणीला जातो. अहवाल येईपर्यंत आपा जेवत नाही, आणि आमचे वर्गात लक्ष लागत नाही. त्या नऊ दिवसांबद्दल आपाने आम्हाला कधी एक शब्द ऐकवला नाही. आम्ही मात्र दरवर्षी पृष्ठफळाचा धडा शिकवताना फळ्यावर थोडे थांबतो. मुले विचारतात, "सर, क्या हुआ?" आम्ही म्हणतो, "कुछ नहीं. नाप ठीक से लो."