साथीदाराचा चेहरा

लॅटिन ग्रॅमी पुरस्कारांच्या यादीत अगदी तळाशी चित्रफितींचे दोन विभाग येतात. एक लघु, एक दीर्घ. लघु म्हणजे एका गाण्याची, चार-पाच मिनिटांची चित्रफीत. ती सगळेच पाहतात. दीर्घ म्हणजे एकाहून अधिक गाण्यांची. बहुधा मैफलीचे चित्रीकरण, क्वचित एखाद्या दौऱ्याचा किंवा ध्वनिमुद्रणाचा माहितीपट. गायक-वादक, दिग्दर्शक आणि निर्माता अशा तिघांना मिळून हा दुसरा पुरस्कार दिला जातो, आणि तोही साधारणपणे मुख्य सोहळ्याचे प्रक्षेपण सुरू होण्यापूर्वीच उरकला जातो. मूळ ग्रॅमीने २०१४ साली आपल्याकडच्या अशाच विभागाचे नाव बदलून त्याला 'संगीतपट' अशी जरा भारदस्त पदवी दिली. लॅटिन ग्रॅमीने मात्र 'दीर्घ चित्रफीत' हे कारकुनी नावच चालू ठेवले. मला ते आवडते. त्यात कोणताही दावा नाही. लांबी तेवढी सांगितली आहे.

मराठी साहित्य शिकवणाऱ्या माणसाने या यादीपर्यंत जाण्याचे खरे तर काही कारण नव्हते. २०१३ सालच्या मार्च महिन्यात बेबो वाल्देस या क्यूबन पियानोवादकाचे स्टॉकहोममध्ये निधन झाले. माझी एक मैत्रीण पुण्यात स्पॅनिश शिकवते. तिने त्या आठवड्यात एक तबकडी माझ्या हाती ठेवली आणि म्हणाली, "तुला भाषा कळणार नाही, पण तू पाहा. तुझ्या अण्णांसाठी पाहा." अण्णा, म्हणजे माझे वडील, जाऊन तेव्हा दोन वर्षे झाली होती. ते पेटीवर साथ करीत.

तबकडीचे नाव 'ब्लांको इ नेग्रो', म्हणजे पांढरे आणि काळे. बेबो वाल्देस आणि स्पेनमधला फ्लामेंको गायक दिएगो एल सिगाला यांची ती मैफल. दिग्दर्शक फेर्नांदो त्रुएबा. २००५ साली या मैफलीला दीर्घ चित्रफितीचा लॅटिन ग्रॅमी पुरस्कार मिळाला, तेव्हा सिगाला छत्तीस वर्षांचा होता आणि बेबोला सत्त्याऐंशी पूर्ण झाली होती. दोघांच्या वयात पन्नास वर्षांचे अंतर. एक हवानाच्या नाइटक्लबांत घडलेला, दुसरा माद्रिदच्या जिप्सी वस्तीतल्या गाण्यात वाढलेला.

बेबोचे चरित्र कादंबरीकाराने लिहिले असते तर आपण त्याला अतिरंजित म्हटले असते. जन्म १९१८ चा. चाळीस-पन्नासच्या दशकांत हवानाच्या प्रसिद्ध 'त्रोपिकाना'मध्ये पियानोवादक आणि संगीतसंयोजक. क्रांतीनंतर, १९६० साली, त्याने देश सोडला. पत्नी आणि मुले मागे राहिली. थोरला मुलगा चुचो तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. पुढे तोही जगप्रसिद्ध पियानोवादक झाला. बेबो मेक्सिकोमार्गे युरोपात आला, स्टॉकहोममध्ये एका स्वीडिश तरुणीच्या प्रेमात पडला, लग्न करून तिथेच राहिला आणि पुढची तीसएक वर्षे हॉटेलांमधून पियानो वाजवीत बसला. लोक जेवत असत, बोलत असत, आणि कोपऱ्यात क्यूबन संगीताच्या इतिहासातला एक मोठा माणूस त्यांच्या काट्या-चमच्यांना साथ करीत असे. १९९४ मध्ये पाकितो द'रिवेरा या सॅक्सोफोनवादकाने त्याला शोधून काढून ध्वनिमुद्रणासाठी बोलावले, तेव्हा बेबो पंचाहत्तरीला आलेला होता. क्यूबाला तो शेवटपर्यंत परत गेला नाही.

मग त्रुएबाने २००० साली 'काये ५४' हा चित्रपट केला. न्यूयॉर्कमधल्या ज्या रस्त्यावरच्या स्टुडिओत त्याचे बरेचसे चित्रीकरण झाले, त्याचे नाव चित्रपटाला मिळाले. त्यात कथा नाही. एकामागून एक वादक येतात, वाजवतात, जातात. त्यात बेबो आणि चुचो हे बापलेक दोन पियानोंवर एर्नेस्तो लेकुओनाची 'ला कोम्पार्सा' ही रचना वाजवतात. त्याच चित्रपटात बेबो आणि काचाओ हा वृद्ध बासवादक मिळून 'लाग्रिमास नेग्रास' वाजवतात. या चित्रपटामुळे सिगालाला बेबोचा शोध लागला; त्यातून २००३ साली 'लाग्रिमास नेग्रास' याच नावाचा ध्वनिसंग्रह झाला, त्याला दुसऱ्या वर्षी लॅटिन ग्रॅमी मिळाला, आणि त्या संग्रहाच्या मैफलीची चित्रफीत म्हणजे माझ्या हातातली तबकडी. म्हणजे आधी चित्रपट, मग गाणे, मग पुन्हा चित्रपट. मैफल घडते आणि कॅमेरा तिची नोंद ठेवतो, असा आपला साधा समज असतो. इथे कॅमेऱ्याने पाहिले नसते तर मैफल घडलीच नसती.

आता त्या मैफलीविषयी. सिगालाचा आवाज खरखरीत, फाटलेला. बोलेरोसारख्या मृदू, काहीशा लाडिक गीतप्रकाराला तो मुळीच शोभणारा नाही. त्याने बोलेरो क्यूबन गायकासारखा गायला असता तर ती नक्कल झाली असती, आणि बेबो फ्लामेंकोच्या अंगाने वाजवू लागला असता तर ती शरणागती. दोघेही आपापल्या जागी राहतात. गायक दुःख ओढून आणतो, आणि पियानो शांतपणे, जणू काही झालेलेच नाही अशा चालीने, त्याच्या खाली जमीन अंथरीत जातो. कुठे गायकाचा श्वास संपणार हे बेबोला आधी कळलेले असते. तेवढ्या जागेत तो दोन-चार स्वर ठेवतो, अधिक नाही. हे मी ऐकले म्हणण्यापेक्षा पाहिले, असे म्हणायला हवे. कारण त्रुएबाचा कॅमेरा गायकाइतकाच त्या म्हाताऱ्याला न्याहाळतो. त्याची लांब बोटे. त्याची ऐकण्याची मुद्रा. साथ करणाऱ्याचा चेहरा हा मुळात ऐकणाऱ्याचा चेहरा असतो, हे मला चाळिशीकडे झुकताना एका परक्या भाषेतल्या तबकडीने दाखवले, आणि ते मी लहानपणापासून आमच्या माजघरात पाहत होतो.

या विभागात नावाजलेल्या चित्रफिती पुढे मी मिळतील तशा पाहिल्या. बऱ्याचशा निराशाजनक आहेत. स्टेडियम, धूर, वर उचललेले हजारो हात, पाळण्यासारखा झुलणारा कॅमेरा, दर दोन सेकंदांनी बदलणारे दृश्य. ज्या हाताने तान वाजवली तो हात दिसेपर्यंत दृश्य निघून गेलेले असते. दीर्घ म्हणायचे आणि एकाही गोष्टीकडे दीर्घकाळ पाहायचे नाही, असा हा प्रकार आहे. परीक्षकांना त्यात काय दिसते कोण जाणे. असो.

लॅटिन ग्रॅमी आणि क्यूबा यांचे नातेही सरळ नव्हते. २००१ चा सोहळा मायामीत व्हायचा होता. क्यूबन निर्वासितांच्या निदर्शनांच्या भीतीने तो लॉस एंजेलिसकडे हलवला गेला, आणि नेमका दिवस ठरला होता ११ सप्टेंबर. सोहळा झालाच नाही. मूळ ग्रॅमीची गोष्टही निराळी नाही. २००४ मध्ये इब्राहिम फेर्रेर या ज्येष्ठ क्यूबन गायकाला पुरस्कार मिळाला. तो घ्यायला येण्यासाठी व्हिसा मात्र मिळाला नाही. अशा वेळी चित्रफितीचे महत्त्व निराळे असते. तिला व्हिसा लागत नाही. पण हेही खरे की ती एकाच दिशेने जाते. तिच्यातून समोरचा माणूस आपल्यापर्यंत येतो, आपण त्याच्यापर्यंत जात नाही.

२०२१ चा पुरस्कार डॉमिनिकन गायक हुआन लुइस गेर्रा याच्या 'एन्त्रे मार इ पाल्मेरास' या मैफलीला मिळाला. महासाथीचा काळ, समुद्रकिनारी, माडांच्या सावलीत, प्रेक्षकांवाचून झालेले गाणे. दिग्दर्शक होता त्याचा मुलगा, जेआन गेर्रा. मैफल प्रसन्न आहे, कदाचित गरजेपेक्षा थोडी अधिक देखणी. पण ती पाहताना माझे लक्ष गाण्यावर राहीना. कॅमेऱ्यामागे मुलगा आहे, तो बापाकडे पाहतो आहे, आणि त्या पाहण्याला पुरस्कार मिळाला आहे, एवढेच मनात फिरत राहिले. चुचोला निदान बापासमोर दुसऱ्या पियानोवर बसता आले. बाप देश सोडून गेल्यावर अठरा वर्षांनी, १९७८ साली, न्यूयॉर्कमध्ये त्यांची भेट झाली होती. पुढे २००८ साली दोघांनी मिळून ध्वनिसंग्रह केला, त्याचे नावच 'हुंतोस पारा सिएंप्रे', म्हणजे कायमचे एकत्र.

मी पेटी शिकलो नाही. अण्णांनी दोनदा बसवले, मी दोन्ही वेळा उठलो.

अण्णांचे एकच चित्रीकरण आहे. १९९६ साली आमच्या गावच्या उत्सवात नाट्यगीतांची मैफल झाली, आणि गावातल्या एका चित्रीकरणवाल्याने ती व्हीएचएसवर घेतली. पुढे मी तिची तबकडी करून घेतली. एक तास दहा मिनिटे. 'ब्लांको इ नेग्रो' पाहिल्यानंतर मी ती काढून पुन्हा लावली, हातात कागद-पेन्सिल घेऊन. कॅमेरा गायकाच्या चेहऱ्यावर खिळलेला आहे. चित्रीकरणवाल्याला दोष देण्यात अर्थ नाही, त्याला पैसे गायकाकडे पाहण्याचेच मिळाले होते. डाव्या कडेला अधूनमधून एक मनगट येते आणि भाता हलतो. तेवढ्यावरून मला भाता कोणत्या गाण्यात जड झाला आहे ते कळते, कारण अण्णांना त्या वर्षी खांद्याचा त्रास होता. पेटी मात्र स्वच्छ ऐकू येते. गायक एका ठिकाणी समेला थोडा उशिरा पोहोचतो, आणि पेटी त्याच्यासाठी थांबून राहते. ऐकणाऱ्याला वाटावे की उशीर पेटीलाच झाला. पूर्वी हे मी कधीच ऐकले नव्हते.

एक्केचाळिसाव्या मिनिटाला गायक पाण्याच्या तांब्यासाठी उजवीकडे वाकतो. चौकट रिकामी होते आणि तिच्या कडेला अण्णा दिसतात. सहा सेकंद. मी मोजली आहेत. ते कॅमेऱ्याकडे पाहत नाहीत. मान किंचित कलती, ओठ मिटलेले, डोळे गायकाच्या पाठीवर. गाणे थांबलेले आहे आणि ते अजून ऐकत आहेत. मग गायक सरळ होतो.