ताण

२५ मे २०२४, शनिवार
नवतपा लागला. सूर्य रोहिणीत आल्याचं तिगावात कॅलेंडरमध्ये पाहावं लागत नाही. सकाळी नऊलाच टिनाचं छप्पर कडकड वाजायला लागतं. मृग बहाराची संत्री पाणी तोडून ताणावर सोडली, त्याला महिना झाला. रोज बागेत फेरी मारतो. पान चुरगळून बघतो, बुडाशी माती उकरून ओल बघतो. ताण कमी पडला तर फूल नाही, जास्त झाला तर झाडच हातचं जातं.

२७ मे, सोमवार
सल, म्हणजे वाळक्या फांद्या, काढायचं काम गुत्त्यानं दिलं. नवरा-बायको आहेत. झाडामागे ठरलेले पैसे, हजेरीची कटकट नाही. दुपारी थांबा म्हटलं, तर तो हसला. "सवय हाय, भाऊ. बसलो तर झाडं कोन मोजन?"

२८ मे, मंगळवार
दीड वाजता बाई धावत आली. "भाऊ, हे कसंतरीच बोलून राह्यले."
तो झाडाखाली बसलेला. डोळे उघडे, पण मला ओळखेना. करवत हातातून सोडेना. ऊन लागलं की घाम थांबतो असं ऐकून होतो. याचा सदरा चिंब होता आणि अंग तव्यासारखं. कोणी कांदा ठेचायला गेलं, कोणी तांब्या तोंडाला लावला. गावच्या आशा सेविका ताईंनी तांब्या बाजूला केला. "शुद्ध हरपली आहे, पाणी फुफ्फुसात जाईल. घामावर जाऊ नका. अंग तापलं आणि बोलणं बरळलं म्हणजे उष्माघातच समजा. आधी थंड करा."
मी फवारणीचा पंप उचलला, तर बाईनं हात धरला. "त्यात औषध असते!" मग महिनाभर बंद असलेली मोटर सुरू केली. पाइप त्याच्या डोक्यावर, मानेवर, काखेत धरला. दोघं दुपट्ट्यानं वारा घालत राहिले. गाडी येईपर्यंत पाणी सोडलं नाही. गाडीतही ओलं धोतर अंगावर, खिडक्या उघड्या.

२९ मे, बुधवार
पांढुर्ण्याच्या दवाखान्यात त्यानं बायकोला नावानं हाक मारली. अंगातला ताप ४० अंशांच्या वर टिकला, की मेंदू, मूत्रपिंड, यकृत सगळ्यांनाच मार बसतो. म्हणून पहिला अर्धा तास मोलाचा, असं डॉक्टर म्हणाले. त्यानं मला विचारलं, "किती झाडं राह्यली?"

१ जून, शनिवार
परवा नागपूरला ५६ अंश झाल्याच्या बातमीनं गाव हादरलं होतं. हवामान खात्याचा खुलासा आला: यंत्र बिघडलं होतं, इतर काही यंत्रं ४४ च्या आसपास दाखवत होती. पारावर हशा पिकला. मला हसू आलं नाही. आमचा माणूस पडला, त्याला छप्पन्न लागले नव्हते. ऊन, झाडामागचा पैसा आणि टिनाखाली न निवणारी रात्र एवढं पुरलं.
तो गेला असता, तर कागदावर बहुधा 'हृदय बंद पडले' एवढंच आलं असतं, उन्हाचं नाव नाही. अहमदाबादेत २०१० च्या मे महिन्यातले सगळे मृत्यू आधीच्या वर्षांशी ताडून पाहिले, तेव्हा १,३४४ जास्तीचे निघाले. त्यानंतर २०१३ मध्ये तिथं उन्हाळ्याचा आराखडा झाला. आधी मोजणी, मग उपाय.

३ जून, सोमवार
गुत्ता मोडला. साडेपाच ते साडेदहा काम, रोजी पूर्ण. बांधावर माठ, मीठ-साखरेचं पाणी. तो येणार नाही अजून. एकदा ऊन लागलेल्या अंगाला पुन्हा लवकर लागतं, म्हणून त्याचीही रोजी चालू ठेवली. शेजारचे भाऊ बांधावरून ओरडले, "तू आमचा भाव बिघडवतोस!" त्यांच्या बागेत दुपारी दोनला करवतीचा आवाज येत होता.

७ जून, शुक्रवार
मृग निघाला. बाग अजून मलूल, एकच झाड सोडून. त्याला पोपटी फूट आली आहे. त्या दिवशी पाइप त्याच्याच बुडाशी वाहत होता.
शेजारचे भाऊ आले, झाडाभोवती फिरले. "याचा ताण तुटला. याचा मृग गेला यंदा."
"गेला," मी म्हटलं.