धुऱ्यावरून ऐकलेली मंडई

आमची सासुरवाडी भंडारा जिल्ह्यात, साकोलीच्या अलीकडे, आडरस्त्यावर. नागपूरहून एस. टी. ने निघावे, साठ-एक किलोमीटरवर भंडारा गाठावे, पितळी भांड्यांसाठी नावाजलेल्या त्या गावी सौभाग्यवतीच्या नजरेस एखादी घागर पडू नये म्हणून मनोमन प्रार्थना करावी, आणि वैनगंगेचा पूल ओलांडून धानाच्या मुलखात शिरावे, हा आमचा दर दिवाळीचा क्रम. दोन्ही बाजूंना कापणीला आलेल्या बांध्या, मधूनच एखादे तळे, त्यात कमळे. तळ्यांचा जिल्हा हे नाव या भागाला शोभते.

भाऊबीजेपासून येथे मंडईचे दिवस सुरू होतात. आज या गावी, उद्या त्या गावी. लेकी-जावई येतात, सोयरिकी जुळतात, दुपारी दंडार होते आणि रात्री नाटक. झाडीपट्टीचे हे नाटक रात्री उशिरा सुरू होऊन पहाटेपर्यंत चालते. त्यातले एक कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा पुण्या-मुंबईच्या पुष्कळ मंडळींना या रंगभूमीचा पत्ता लागला. आमच्या सासऱ्यांना तो जन्मापासून ठाऊक आहे.

गेल्या वर्षी जावई म्हणून आम्हांला पहिल्या रांगेत खुर्च्या मिळाल्या. शेजारी आमचा चौदा वर्षांचा मुलगा. खलनायकाने रंगमंचावर पाऊल टाकले, ऑक्टोपॅडवर धडाका उडाला, आणि मुलगा दोन्ही कान दाबून उठून पळाला. मी त्याला दंड धरून परत आणले. "चारचौघांत शोभा करू नकोस," असेही म्हणालो. तो थरथरत मध्यंतरापर्यंत बसला. पुढे दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही.

परत आल्यावर कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितले, की ऐकू उत्तम येते. आवाज सोसण्याची शक्ती मात्र कमी आहे. त्याला हायपरअॅक्यूसिस म्हणतात. जबरदस्ती करू नका. पण दिवसभर कानांत बोळेही घालू देऊ नका, कारण शांततेची सवय लागली की कान अधिकच हळवे होतात. मी मराठीचा प्राध्यापक; शब्दांचे अर्थ सांगून पोट भरतो. पण 'सहन होत नाही' या साध्या शब्दांचा अर्थ मला दुसऱ्याकडून शिकावा लागला.

गंमत अशी की फटाक्याला आणि कुकरच्या शिट्टीला दचकणारा हा मुलगा रॉक संगीत मात्र आवडीने ऐकतो! यंदा एस. टी. त मी त्याला विचारलेच, "अरे, हा दंगा तुला कसा चालतो?"

"बाबा, कुकर सांगून शिट्टी देत नाही. हे गाणे सांगून मोठे होते." असे म्हणून त्याने एक इअरफोन माझ्या कानात दिला. खाली बास गिटार जमिनीसारखी पसरलेली, ड्रमचा ठेका ठरल्या जागी पडणारा, आणि वर गिटारचा घोंगडीसारखा स्वर, खरबरीत पण उबदार.

हा खरबरीतपणा मुद्दाम आणलेला असतो. किंक्स या इंग्रज बँडच्या डेव्ह डेव्हिस यांनी १९६४ च्या सुमारास आपल्या स्पीकरचा कागदी पडदा पात्याने चिरून तो मिळवला. असा स्वर म्हणजे शेंडे छाटलेल्या लाटा. मोठ्या-लहान आवाजातले अंतर कमी होते आणि स्वर एकसारखा भरून राहतो. फटाक्याचे उलट. मोठ्या आवाजाला कानातला एक चिमुकला स्नायू आवळून थोडे संरक्षण देतो. पण त्याला सेकंदाचा अगदी लहानसा अंश लागतोच, आणि फटाका तेवढाही थांबत नाही.

सगळेच रॉक त्याला चालते असे नाही. झांजांचा लखलखाट किंवा शांततेनंतरची एकाएकी उसळी आली की तो गाणे बदलतो. बदलण्याचे बटण त्याच्या हाती असते, हे महत्त्वाचे. प्रत्यक्ष मैफलीची गोष्ट निराळी. द हू या बँडचा १९७६ चा लंडनमधला कार्यक्रम ३२ मीटरवरून १२६ डेसिबल भरला होता! त्यांचे गिटारवादक पीट टाउनशेंड यांनी पुढे आपल्या कानांच्या दुखण्याविषयी उघडपणे सांगितले. म्हणून आमच्या घरी एक तह झाला आहे. मुलांसाठी ७५ डेसिबल, आठवड्याला ४० तास, ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा तो पाळतो, आणि मी 'दंगा' हा शब्द वापरीत नाही.

गावी पोचल्यावर मी चाचरत सासऱ्यांना सारे सांगितले. मानाची खुर्ची नाकारायची म्हणजे केवढा अपमान! ते शांतपणे म्हणाले, "जावईबापू, पयल्या रांगेत बसूनच मान होते का जी? नाटक धुऱ्यावरूनबी आयकू येते." आणि त्यांनी बाज उचलून मंडपामागच्या शेताच्या धुऱ्यावर, तणसाच्या गंजीआड नेऊन ठेवली.

उघड्यावर अंतर दुप्पट झाले की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. पहिली रांग कर्ण्यांपासून दहा मीटर, आमची बाज ऐंशी मीटर. म्हणजे १८ डेसिबल वाटेतच गळाले. तीक्ष्ण स्वर तणसात मुरले, आणि ठेका तेवढा दवातून आमच्यापर्यंत चालत आला.

"बाबा, हे तर रॉकच आहे," मुलगा म्हणाला. "खाली ठेका, वर ऑर्गन, मध्ये जीव तोडून ओरडणारा माणूस."

मी हसलो. व्याख्या अभ्यासमंडळाला पटणार नाही, पण चुकीचीही नव्हती.

तिसऱ्या अंकात नायिकेचे रडगाणे सुरू झाले. मुलगा उठला आणि गंजीच्या पलीकडे वीसेक पावले मंडपाकडे गेला. हात कानांवर नव्हते. मी हाक मारली नाही. गाणे संपल्यावर तो आपणहून परतला आणि घोंगडीत शिरला.

पहाटे बाज उचलताना सासऱ्यांनी त्याला विचारले, "कसा, पुढच्या सालीबी इथंच टाकू का?"

"इथेच, आबाजी," तो म्हणाला. मग जरा विचार करून, "नाही तर गंजीच्या थोडी पुढे."